कानांनी निवडा योगासनांचा व्हिडिओ

प्रश्न : ताई, मी 48 वर्षांची आहे. डोंबिवलीत राहते, ठाण्याला एका पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या वर्षापासून बीपीची एक गोळी चालू आहे आणि जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. डॉक्टरांनी रोज चालायला आणि योगासनं करायला सांगितलं. मुलीनं टीव्हीवर यूट्यूब लावून दिलं. 'नवशिक्यांसाठी, फक्त 20 मिनिटं' असं लिहिलेला एक व्हिडिओ आम्ही निवडला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यातलं हलासन करायला घेतलं. पाय डोक्यामागे टाकले, पुढे काय करायचं ते कळेना म्हणून टीव्हीकडे बघायला मान वळवली आणि मानेत सणक भरली. आठवडाभर मान धरलेली होती. आता बरी आहे, पण पुन्हा सुरू करायची भीती वाटते. यजमान म्हणतात, सरळ क्लास लाव. क्लासच्या वेळा माझ्या लोकलच्या वेळेशी जुळत नाहीत, आणि खरं सांगायचं तर चारचौघींसमोर मला वाकता येत नाही याचा संकोच वाटतो. घरी व्हिडिओ लावून शिकता येईल का? येत असेल तर इतक्या व्हिडिओंमधून कोणता निवडू? सासूबाई 76 वर्षांच्या आहेत, त्याही म्हणतात, मलाही काहीतरी लावून दे. त्यांना चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी मानेविषयी बोलू. मान वळवताना अजून ओढ बसत असेल, हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा हातातली वस्तू निसटत असेल, तर कोणताही व्हिडिओ लावण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवून या. यातलं काहीच नसेल आणि दोन्ही बाजूंना मान मोकळी वळत असेल, तर पुढचं वाचा.

तुमची मान तुमच्या वयामुळे धरली असं मनात घेऊ नका. हलासनात मान जवळजवळ काटकोनात दुमडलेली असते आणि धडाचा भार खांदे नि मानेवर आलेला असतो. त्या अवस्थेत मान तसूभरही वळवायची नसते. पुढची सूचना ऐकून समजली असती, तर तुम्हाला टीव्हीकडे बघावंच लागलं नसतं. म्हणजे त्या व्हिडिओत दोन दोष होते. पहिल्याच आठवड्यात तुमच्याकडून हलासन करून घेतलं, हा एक. आणि बघितल्याशिवाय करता येणार नाही अशा पद्धतीनं शिकवलं, हा दुसरा. दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.

योगासनांत तुमचं डोकं कधी खाली असतं, कधी बाजूला, कधी जमिनीला टेकलेलं, आणि शेवटी तर डोळेच मिटलेले. यातल्या कोणत्याही वेळी पडद्याकडे बघायचं म्हणजे आसन मोडायचं किंवा मान पिरगाळायची. म्हणून घरी शिकताना पहिली अट ही की त्या शिक्षकाचं नुसतं बोलणं ऐकून आसन करता आलं पाहिजे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं समालोचन ऐकलेल्या लोकांना विचारा, मैदान न बघताही चेंडू कुठे गेला ते त्यांना कळायचं. योगशिक्षकाचं बोलणं तसं हवं.

तेव्हा निवड अशी करा. रविवारी दुपारी निवांत बसा, मुलीनं निवडलेले चार-पाच व्हिडिओ एकेक करून मोबाइलवर लावा आणि मोबाइल चक्क पालथा ठेवा. पाच-सात मिनिटं फक्त ऐका. पाय कुठे ठेवायचे, हात कुठे, वजन कशावर, श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर आलं का? काही व्हिडिओंमध्ये असं ऐकू येईल : "आता भुजंगासन... वर या... अजून वर... सुंदर... आणि खाली." यातून तुम्हाला काहीही कळलेलं नसतं. दुसऱ्या एखाद्या व्हिडिओत कुणीतरी सावकाश सांगत असेल : "पालथे झोपा. कपाळ जमिनीला. तळहात छातीच्या बाजूंना, कोपरं अंगाजवळ. आता श्वास घेत डोकं आणि छाती एवढंच उचला, बेंबी जमिनीवरच राहू दे. हातांनी जोर लावू नका. मान मागे टाकू नका, नजर समोरच्या जमिनीवर. कमरेत टोचलं तर थोडं खाली या." हा तुमचा शिक्षक. याचा चेहरा, याचे कपडे, मागचा समुद्रकिनारा, याला किती लाख लोकांनी बघितलं, यातलं काहीच तुम्हाला अजून माहीत नाही, आणि निवडीसाठी त्याची गरजही नाही.

भाषेचा मुद्दा इथेच येतो. सूचना ज्या भाषेत क्षणभरही विचार न करता कळतात, त्या भाषेतला व्हिडिओ घ्या. इंग्रजीत उत्तम शिकवणारे शिक्षक आहेत. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एड्रिएन मिशलर यांचे व्हिडिओ जगभर लोक लावतात आणि त्यांचं बोलणं खरोखर आश्वासक आहे. पण अंग पिळलेलं असताना मनात भाषांतर करावं लागणार असेल, तर मराठी किंवा हिंदीच बरं. मुलीला जो आवडला तो तुम्हाला सोयीचा असेलच असं नाही, तिला तिचा वेगळा व्हिडिओ लावू दे.

ऐकण्याची चाचणी झाली की उरलेले एक-दोन व्हिडिओ बसून, चहा घेत, शेवटपर्यंत बघा. करू नका, फक्त बघा. आता डोळ्यांचं काम. शिक्षक डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसतो का? पुढे वाकणं, मागे वाकणं ही आसनं बाजूनं दाखवली आहेत का? समोरून दाखवलेल्या पश्चिमोत्तानासनात पाठ गोल झाली की सरळ राहिली, काही कळत नाही. सुरुवातीला सांधे मोकळे करायला पाच-सात मिनिटं दिली आहेत का? दोन आसनांमध्ये थांबू देतात का? शेवटी शवासन आहे का, आणि ते उरकल्यासारखं अर्ध्या मिनिटात संपत तर नाही ना? आणि कुणी काय करू नये हे आसन सुरू होण्याआधी सांगतात का? आसन करून झाल्यावर "ज्यांना मानेचा त्रास आहे त्यांनी करू नये" असं सांगण्याला काही अर्थ नाही. व्हिडिओच्या खाली बारीक अक्षरांत सगळ्या सूचना लिहून ठेवणाऱ्यांचंही तेच, सतरंजीवर उताणं पडलेल्या माणसाला ते वाचता येत नाही.

'नवशिक्यांसाठी' हे शीर्षक व्हिडिओ टाकणारा स्वतः लिहितो. ते कुणी तपासत नाही. त्यामुळे त्या शब्दावर विसंबू नका, आत काय आहे ते बघा. पहिल्या दीड-दोन महिन्यांच्या व्हिडिओत शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, चक्रासन, पद्मासनात बसून मुडपणं, किंवा न थांबता एकातून दुसऱ्यात जाणारी वेगवान आसनमालिका असेल, तर शीर्षक काहीही असो, तो व्हिडिओ नवशिक्यांचा नाही. '7 दिवसांत पोट सपाट', 'थायरॉइड मुळापासून बरा', 'गुडघेदुखी कायमची गायब' असं लिहिणाऱ्यांचे व्हिडिओ उघडूच नका. ज्याला तुमचा आजार बरा करून दाखवायची घाई आहे, त्याला तुमच्या गुडघ्यासाठी थांबायला वेळ नसतो. शिक्षकानं कुठे आणि किती शिकलं आहे, हेही चॅनेलवर बघा. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा असते, जुन्या संस्थांचे अभ्यासक्रम असतात, 200 तासांचे कोर्स असतात. प्रमाणपत्रानं शिकवण्याची हातोटी येते असं नाही, पण काहीच लिहिलेलं नसेल तर मी पुढे जाणार नाही.

आता सूर्यनमस्काराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मराठी घरात हा विषय निघतोच आणि नवशिक्यांचे अनेक व्हिडिओ त्यानंच सुरू होतात. आपल्याकडे सूर्यनमस्काराची मोठी परंपरा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी संस्थानातल्या शाळांपासून परदेशापर्यंत त्यांचा प्रसार केला. रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर आपण सगळ्यांनी ते घातलेले आहेत, त्यामुळे "हे तर मला येतं" असं वाटतं. शाळेतलं शरीर दहा-बारा वर्षांचं होतं. आज तुमच्या बाबतीत तीन गोष्टी आडव्या येतात. एका नमस्कारात डोकं अनेकदा खाली-वर होतं, बीपीची गोळी घेणाऱ्यांना त्यानं गरगरू शकतं. मनगटं आणि खांद्यांवर अंगाचा भार येतो, आणि तुमच्या मानेनं नुकताच त्रास दिला आहे. शिवाय पाय पुढे-मागे घेताना गुडघा जमिनीवर आपटतो. दोन-तीन महिन्यांनी, खुर्चीचा आधार घेऊन, एकेक स्थितीत दोन-तीन श्वास थांबत सुरू करायला हरकत नाही. तोपर्यंत सूर्यनमस्कारानं सुरू होणारे व्हिडिओ बाजूला ठेवा.

मग कुठे शोधायचं? आपण महाराष्ट्रात आहोत हे या बाबतीत भाग्याचं आहे. मुंबईची द योगा इन्स्टिट्यूट श्री योगेंद्र यांनी 1918 मध्ये सुरू केली, तीच मुळी संसारी माणसांना झेपेल असा योग शिकवण्यासाठी. सांताक्रूझच्या या संस्थेच्या हंसाजी योगेंद्र यांचे छोटे छोटे व्हिडिओ हिंदी-इंग्रजीत आहेत. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापन केलं आणि आसनांचा, प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो याचे प्रयोगशाळेत प्रयोग केले. तिथली शिकवण्याची पद्धत संथ आहे. आसनात सावकाश जायचं, झटका द्यायचा नाही, जमेल तिथे थांबायचं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, विटा, घोंगड्या, लोड यांचा आधार घेऊन कडक शरीराच्या आणि आजारी माणसांनाही आसनं करता येतील असं तंत्र विकसित केलं. गुडघे आणि खांदे कुरकुरणाऱ्यांसाठी हे तंत्र फार मोलाचं आहे. मात्र त्यात बारकावे इतके असतात की अगदी पहिल्या दिवशी ते व्हिडिओवरून उचलायला जाऊ नका. आधी साधं काहीतरी अंगवळणी पडू दे.

मोफत आणि विश्वासाचं म्हणायचं तर आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम आहे. 21 जूनच्या योग दिनाला सगळीकडे करून घेतात तोच. साधारण 45 मिनिटांचा, सांधे मोकळे करण्यापासून उभी, बैठी, पालथी, उताणी आसनं, मग कपालभाती, प्राणायाम आणि ध्यान असा त्याचा क्रम आहे. त्याचा क्रम मला आवडतो, आणि पुस्तिकाही मोफत मिळते, त्यात बहुतेक आसनांखाली कुणी करू नये ते लिहिलेलं आहे. पण तुम्ही तो अख्खा एका दमात करू नका. सांधे मोकळे करण्याचा भाग रोज, आणि पुढची आसनं दिवसाआड वाटून घ्या. त्यातलं पादहस्तासन, अर्धहलासन आणि कपालभाती वगळा, बीपी आहे म्हणून. उष्ट्रासन मानेसाठी आत्ता नको. वज्रासन गुडघ्यासाठी नको, त्याऐवजी पाय पसरून किंवा खुर्चीत बसा.

पुढच्या सहा-आठ आठवड्यांत तुम्ही निवडलेल्या व्हिडिओत साधारण काय असावं ते सांगते, म्हणजे शोधताना अंदाज येईल. उभं राहून ताडासन आणि बाजूला वाकण्याचं अर्धकटिचक्रासन, दोन्ही भिंतीजवळ. गुडघे-तळहातांवर येऊन मार्जरासन, गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर. पालथं झोपून मकरासनात विश्रांती आणि अगदी खालचं भुजंगासन. उताणं झोपून एकेका पायाचं पवनमुक्तासन, त्यात डोकं जमिनीवरच ठेवा, कपाळ गुडघ्याला लावायला सांगितलं तरी नको. सेतुबंधासन मान पूर्ण मोकळी होऊन दोन-तीन आठवडे गेल्यावरच, आणि त्यात असताना मान सरळ, छताकडे नजर. नंतर शवासन. शेवटी बसून नाडीशोधन, म्हणजे आपण ज्याला अनुलोम-विलोम म्हणतो ते, आणि भ्रामरी. नाडीशोधनात श्वास रोखायला सांगणारा व्हिडिओ तुमच्यासाठी नाही. बीपी असलेल्यांनी कुंभक म्हणजे श्वास रोखणं, जोराचं कपालभाती आणि भात्यासारखा जोरानं श्वास घेण्या-सोडण्याची भस्त्रिका टाळायची. हात डोक्यावर ताणून बराच वेळ उभं ठेवणारी आसनंही थोडक्यात आटोपा आणि त्या वेळी श्वास चालू ठेवा. घरात कुणाला काचबिंदू असेल तर डोकं खाली करायची आसनं त्यांनीही टाळायची, त्यानं डोळ्यातला दाब वाढतो.

एकदा एक व्हिडिओ निवडलात की महिनाभर तोच ठेवा. रोज नवा व्हिडिओ लावला तर रोज सूचना समजून घेण्यातच वेळ जातो. शिवाय निरनिराळ्या परंपरांमध्ये आसनांची नावं सारखी आणि कृती वेगळी असते. पर्वतासन म्हटलं की कैवल्यधामच्या परंपरेत मांडी घालून हात वर ताणतात. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या पद्धतीत सूर्यनमस्कारातली कंबर वर उचललेली स्थिती म्हणजे पर्वतासन, आणि तिलाच अय्यंगारांच्या पद्धतीत अधोमुख श्वानासन म्हणतात. ताडासनात कुणी नुसतं ताठ उभं राहायला सांगतं, कुणी हात वर गुंफून टाचा उचलायला लावतं. कुणीच चुकीचं नाही, पण नवख्या माणसाची त्यात फसगत होते. महिनाभर तोच आवाज ऐकलात की पुढची सूचना येण्याआधीच अंग तयार होतं, आणि मग पडद्याची गरज उरत नाही. तिथपर्यंत आलात की व्हिडिओ बंद करून स्वतःच्या श्वासावर करून बघा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. जागा सतरंजीच्या लांबीची आणि दोन्ही हात पसरता येतील एवढ्या रुंदीची पुरते. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, म्हणून खाली न सरकणारी मॅट घ्या. पट्टा विकत आणू नका, सुती ओढणी चालते. स्क्रीन टीव्हीची हवी असं नाही. मोबाइल जमिनीवर, डोक्याच्या बाजूला ठेवा आणि आवाज मोठा करा. यूट्यूबवरचं ऑटोप्ले बंद करा, नाहीतर शवासन संपताच भलताच व्हिडिओ सुरू होतो. जाहिराती शवासनाच्या मध्येच किंचाळतात, हा अनेकांचा अनुभव. त्यावर सोपा उपाय म्हणजे शवासन आलं की व्हिडिओ थांबवा आणि मोबाइलला पाच-सहा मिनिटांचा मंद गजर लावून पडून राहा. शिक्षक चांगला पण थोडा घाईचा असेल, तर सेटिंगमध्ये वेग 0.75 करता येतो. आवाज थोडा जड होतो, पण सवय होते. शिक्षकानं सांगितलेल्या वेळेआधी आसन सोडायचं असेल तर सोडा. तो रेकॉर्ड केलेला आहे, त्याला तुम्ही दिसत नाही, त्यामुळे थांबायचं कधी हे तुम्हालाच ठरवायचं आहे. दुखणं ओळखायला शिका : स्नायू ताणल्याची जाणीव चालेल, पण सांध्यात टोचणं, सणक, मुंग्या, गरगरणं, छातीत दाटणं यातलं काहीही झालं तर तिथल्या तिथे सोडून कुशीवर वळा, मग हळूच उठून बसा. छातीतलं दाटणं थांबलं नाही तर लगेच डॉक्टर गाठा.

वेळेचं तुम्हीच ठरवा. सकाळी डबे आणि लोकल यांच्या मध्ये घुसवलेली वीस मिनिटं घाईत होतात आणि घाईत अंग दुखावतं. संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुऊन, जेवणाआधी, असं बऱ्याच नोकरदार बायकांना जमतं. पूर्ण जेवणानंतर तीन-चार तास आणि हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. आठवड्यातून चार-पाच दिवस पुरे आहेत. मात्र डॉक्टरांनी चालायलाही सांगितलं आहे, ते यात धरू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते, आणि तुम्ही जी संथ आसनं करणार आहात ती त्यात मोजता येणार नाहीत. स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी भराभर चालत गेलात तर ती मिनिटं तिथे निघतील. बीपीची गोळी योगासनं सुरू केली म्हणून स्वतःहून कमी करू नका. तीन महिन्यांनी मोजून डॉक्टर काय ते ठरवतील.

आता यजमानांचं म्हणणं. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. व्हिडिओत तुम्ही शिक्षकाला बघता, शिक्षक तुम्हाला बघत नाही, ही उणीव कोणताही व्हिडिओ भरून काढू शकत नाही. पण त्यासाठी रोजचा क्लास लागत नाही. महिनाभर घरी केल्यावर एखाद्या अनुभवी शिक्षिकेकडे सुट्टीच्या दिवशी दोनदा-तीनदा एकटीनं जाऊन या आणि तुमची आठ-दहा आसनं तेवढी तपासून घ्या. बीपी, मान आणि गुडघा, तिन्ही आधी सांगा. जाणं जमत नसेल तर ऑनलाइन थेट वर्ग घेणाऱ्या संस्था आहेत, त्यात तुमचा कॅमेरा चालू असतो आणि बोलून चूक दुरुस्त करता येते. त्यातही गर्दी असेल तर उपयोग नाही, थोडे लोक असलेला वर्ग बघा. आणि मधल्या काळात मुलीला तुमच्या एकेका आसनाचा बाजूनं मिनिटभर व्हिडिओ काढायला सांगा. आपली पाठ सरळ आहे असं करताना वाटतं, ती गोल झालेली बघितल्यावरच कळते.

संकोचाबद्दल एवढंच सांगते की मी ज्या ज्या वर्गात शिकवलं, तिथे पहिल्या दिवशी पायाच्या अंगठ्यापर्यंत हात पोचणाऱ्या बायका मोजक्याच होत्या, आणि बाकीच्यांकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. तरीही घरीच करावंसं वाटत असेल तर घरीच करा. त्यात काही कमीपणा नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांना तुमचा व्हिडिओ लावू नका. 76 व्या वर्षी जमिनीवर बसणं-उठणं हाच मोठा धोका असतो, आणि हाडं ठिसूळ झाली असतील तर पुढे वाकल्यानं मणका दबून मोडू शकतो. म्हणून त्यांच्यासाठी खुर्चीत बसून करायच्या हालचालीच बघा. मुंगेरच्या परंपरेत पायाच्या बोटांपासून खांद्यापर्यंत एकेक सांधा हलवण्याची पवनमुक्तासन मालिका आहे, तिच्यातलं बरंचसं खुर्चीत करता येतं. पायाची बोटं, घोटे, गुडघा सरळ करून पुन्हा खाली, मुठी, मनगटं, खांद्यांची वर्तुळं. मान गोल फिरवायची नाही, फक्त हळूच डावीकडे-उजवीकडे. पुढे वाकणं आणि जोरानं वळणं वर्ज्य. नंतर पाच मिनिटं श्वास न रोखता नाडीशोधन आणि भ्रामरी. डॉक्टरांची हरकत नसेल आणि तोल चांगला असेल, तर हातांनी धरून खुर्चीतून चार-पाच वेळा उभं राहणं आणि बसणंही त्यात घ्या, मांड्यांना ताकद येते. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, हात असलेली, मागे भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, ती नको. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. त्यांना ऐकायला कमी येत असेल तर व्हिडिओचा नाद सोडा. तुम्ही त्या मालिकेचा क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि समोर बसून स्वतः सांगा. पहिले पंधरा दिवस त्या हे करत असताना घरात कुणीतरी जवळ असलंच पाहिजे.